संत ठरवायचा कुणी?

(सीताबर्डीच्या महिला मंडळानं सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)

सीताबर्डीहून आम्ही बोलतोय. दुपारची जेवणं आटोपली असतील. कुणी तांदूळ निवडत ऐकत असाल, कुणी दुकानाच्या गल्ल्यावर बसून. हातातलं काम थांबवू नका, पण कान मात्र इकडे असू द्या. कारण आजचा विषय आमच्या मंडळात एका भांडणातून निघाला, आणि ते भांडण तुमच्याही घरात होऊ शकतं.

झालं असं. आमच्यातल्या एकीच्या थोरल्या जाऊबाईंना कितीतरी वर्षांपासून साखरेचा आजार आहे. मागच्या वर्षी त्यांच्या वस्तीत एक महाराज येऊ लागले. गर्दी व्हायला लागली. लोक म्हणायचे, संत आहेत, हात ठेवला की दुखणं जातं. महाराजांनी हात ठेवला आणि जाऊबाईंनी गोळ्या बंद केल्या. घरात कुणाला सांगितलंही नाही. पायाला एक बारीकशी जखम झाली, ती चिघळत गेली, आणि शेवटी अंगठा काढावा लागला. मैत्रीण हे सांगत होती, आणि आम्ही साऱ्या गप्प. तेवढ्यात एकजण उसळून म्हणाली, "तो कायचा संत जी? त्याले संत ठरवला कोणं?"

दुसरी म्हणाली, "संताला काय कुणी ठरवावं लागतं? लोक मानतात म्हणून तो संत."

आणि इथे भांडण पेटलं. आमच्यात एक ख्रिस्ती मैत्रीण आहे, मोहननगरची. ती इतका वेळ ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "आमच्याकडे संत ठरवायचं ऑफिस आहे. फाईल असते, साक्षी असतात, डॉक्टर असतात." आम्हाला आधी हसू आलं. देवाच्या घरी फाईल? पण मग आम्ही तिला विचारत गेलो, वाचत गेलो, आणि जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतोय.

सुरुवात आपल्याच नागपूरपासून करू. मोहननगरात कॅथलिकांचं मोठं कॅथेड्रल आहे, सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचं. हे फ्रान्सिस बिशप होते, लेखक होते. ते १६२२ मध्ये वारले आणि १६६५ मध्ये पोपनी त्यांना संत जाहीर केलं. मध्ये ४३ वर्षं गेली. एवढा उशीर कशाला? तर चौकशी चालू होती.

पण नेहमीच असं नव्हतं. ख्रिस्ती धर्माची पहिली हजार वर्षं बहुतेक आपल्यासारखीच रीत होती. धर्मासाठी कुणी जीव दिला, कुणी आयुष्यभर गोरगरिबांची सेवा केली, की लोक त्याच्या थडग्यावर जाऊ लागायचे, मेणबत्ती लावायचे, त्याच्या पुण्यतिथीला जमायचे. गावच्या बिशपनं मान डोलावली की झालं. इ. स. ९९३ मध्ये आउग्सबुर्गचे बिशप उलरिक यांना पोपनी रीतसर संत जाहीर केलं. पोपच्या हातून झालेली अशी ही पहिली नोंद मानतात. पुढे १२३४ मध्ये नियमच झाला की हा अधिकार फक्त पोपचा. कारण उघड होतं. ज्याच्या नावानं गर्दी जमते त्याच्या नावानं पैसाही जमतो, आणि मग खोटंही जमतं. हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

आज कॅथलिक पंथात ही पद्धत कशी चालते, ते सोपं करून सांगतो. माणूस वारल्यावर साधारण पाच वर्षं थांबायचं. लोकांचा उमाळा ओसरतो का, हे बघायचं. ओसरला नाही, तर जिथे तो माणूस वारला तिथला बिशप चौकशी सुरू करतो. तेव्हा त्या व्यक्तीला म्हणतात 'ईश्वराचा सेवक'. तिची पत्रं, लिखाण सगळं गोळा करतात. तिला ओळखणाऱ्यांच्या शपथेवर साक्षी घेतात. मग हे गाठोडं रोमला जातं. तिथे त्याच कामासाठी एक खातं आहे. आयुष्य खरंच थोर होतं असं ठरलं, तर ती व्यक्ती 'वंदनीय'. त्यानंतर तिच्या प्रार्थनेनं एक चमत्कार घडल्याचं सिद्ध झालं तर 'धन्यवादित'. आणखी एक सिद्ध झाला तर 'संत'. धर्मासाठी ज्यानं जीव दिला, त्याला धन्यवादित होण्यासाठी चमत्काराची अट नाही. त्याचं मरणच पुरावा.

आता चमत्कार म्हटलं की आपले कान टवकारतात. पण ऐका. हे चमत्कार बहुतेक आजार बरे होण्याचे असतात, आणि त्यांची तपासणी आधी डॉक्टर करतात. कागद, एक्स-रे, रिपोर्ट सगळं समोर ठेवून त्यांना विचारतात, औषधानं हे झालं असेल का? आपोआप झालं असेल का? डॉक्टरांनी "हो, असेल" म्हटलं, तर प्रकरण तिथेच थांबतं. धर्मगुरू त्यानंतर बोलतात. हे ऐकलं तेव्हा आमच्या त्या मैत्रिणीनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "रोमचं खातंसुद्धा आधी डॉक्टरला विचारते, अन् आमच्या जाऊबाईनं नाही विचारलं."

आणि आणखी एक गोष्ट. १५८७ पासून या कामात एक अधिकारी नेमलेला असे. त्याचं काम एकच, विरुद्ध बाजू मांडायची. हा माणूस गर्विष्ठ नव्हता कशावरून? हा चमत्कार कुणाची चलाखी नव्हे कशावरून? लोक त्याला गमतीनं 'सैतानाचा वकील' म्हणत. म्हणजे ज्यांची त्या व्यक्तीवर श्रद्धा होती, त्यांनीच पगार देऊन शंका घेणारा ठेवला होता. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही पद्धत बदलली, त्या वकिलाचं काम पुष्कळ कमी केलं. त्यानंतर संतांची संख्या भराभर वाढली. त्यांच्या एकट्याच्या काळात ४८२ जण संत झाले. हे बरं झालं की नाही, यावर खुद्द कॅथलिकांमध्येही दोन मतं आहेत.

मदर तेरेसांचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखतचं. त्या १९९७ मध्ये गेल्या. त्यांच्यासाठी पाच वर्षांची अट सोडली गेली. २००३ मध्ये त्या धन्यवादित झाल्या, ४ सप्टेंबर २०१६ रोजी संत झाल्या. त्यांच्या चौकशीत त्यांचे सर्वांत कडवे टीकाकार, पत्रकार ख्रिस्तोफर हिचन्स, यांनाही बोलावून त्यांची साक्ष घेतली होती. हे चांगलं झालं. पण पहिला चमत्कार म्हणून जो मानला गेला, तो पश्चिम बंगालमधल्या एका आदिवासी बाईच्या पोटातल्या गाठीचा होता. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जाहीरपणे सांगितलं की गाठ औषधांनी बरी झाली. चर्चनं ते मान्य केलं नाही. आम्हाला काय वाटतं विचाराल, तर डॉक्टरांचं म्हणणं पटतं. मदरांनी रस्त्यावरून उचललेली माणसं खरी होती, त्यासाठी आम्हाला चमत्काराची गरज वाटत नाही. आमच्या ख्रिस्ती मैत्रिणीचं मत वेगळं आहे. तिचं तिच्यापाशी, आमचं आमच्यापाशी. चहा मात्र एकत्र.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं रोमचं, कोलकात्याचं. महाराष्ट्राचं कुणी आहे का? आहे ना. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकात वसईत जन्मले. लहानपणीच जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, पुढे व्यापारही केला. मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात शिरले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे सेवक बंधू म्हणून. भाषा येत होती म्हणून दुभाषी झाले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवून मारलं, त्यांत हे होते. त्या २६ जणांत बारा-तेरा वर्षांची पोरंही होती. १६२७ मध्ये गोन्सालो धन्यवादित झाले आणि १८६२ मध्ये संत. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. मरणापासून संत होईपर्यंत २६५ वर्षं. वसईत आज त्यांच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे.

गोव्याचे जोसेफ वाझ यांचंही तसंच. १७११ मध्ये श्रीलंकेत वारले, २०१५ मध्ये कोलंबोत संत झाले. तीनशे चार वर्षं. त्यांच्यासाठी पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट सोडून दिली. लोक इतकी शतकं त्यांना मानत आले, तेच पुरेसं धरलं.

बायकांचं काय, हा प्रश्न आमच्यात सगळ्यात आधी निघाला होता. भारतातली पहिली स्त्री संत केरळच्या सिस्टर अल्फोन्सा. १९४६ मध्ये छत्तीसाव्या वर्षी गेल्या, २००८ मध्ये संत झाल्या. आयुष्यातली कितीतरी वर्षं आजारपणात अंथरुणावर. असं सांगतात की त्यांच्या थडग्यावर मेणबत्त्या लावायला सगळ्यात आधी शाळेतली मुलं जाऊ लागली. मोठी माणसं आणि फाईल मागून आली.

यावरही आम्ही वाद घातला. एकजण म्हणाली, "बाई सोसत राहिली की तिला देवी म्हणायचं, हे आपल्याकडेही आहे, तिकडेही आहे." तिचं खोटं नव्हतं. पण मग सिस्टर राणी मारियांची गोष्ट निघाली, आणि ती आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातली आहे.

राणी मारिया मूळच्या केरळच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासी आणि शेतमजुरांमध्ये काम करायच्या. बायकांना, मजुरांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायच्या, सावकाराच्या पाशातून सोडवायच्या. सरकारी योजना त्यांच्यापर्यंत पोहोचवायच्या. हे ज्यांच्या पोटावर येत होतं, त्यांनी मारेकरी घातला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, लोकांदेखत त्यांना भोसकून मारलं. वय ४१.

पुढची गोष्ट आणखी कठीण आहे. त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि बहिणीला मारणाऱ्याच्या हातावर तिनं राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेला संमती दिली. तो सुटला, केरळला गेला, त्यांच्या आईला भेटला, आणि आईनं त्याचे हात हातात घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित जाहीर केलं. संत व्हायला अजून एक चमत्कार सिद्ध व्हायला हवा.

हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "त्या माऊलीनं हात धरले त्याचे? माझ्यानं नसतं झालं." आमच्यातल्या कुणाच्यानंही झालं नसतं, आणि तसं सगळ्यांनी कबूल केलं. क्षमा करायलाच हवी होती असंही आम्ही कुणी म्हणत नाही. पण राणी मारिया नुसत्या सोसत बसल्या नव्हत्या, हे लक्षात घ्या. त्यांनी बायकांच्या हाती पासबुक दिलं. त्यासाठीच त्यांना मारलं.

आता थोडं ऑर्थोडॉक्स पंथाबद्दल. हा ख्रिस्ती धर्मातला दुसरा मोठा जुना प्रवाह, रशिया, ग्रीस वगैरे देशांत आहे. केरळात त्याच नावाचं एक वेगळं, प्राचीन घराणं आहे. त्यांचं धर्मगुरू घडवणारं विद्यालय आपल्या कळमेश्वरजवळ ब्राह्मणी इथे आहे, हे आम्हालाही नव्यानंच कळलं.

यांच्याकडे पोप नाही, म्हणून रोमसारखं एकच खातं नाही. चमत्कार मोजायची सक्ती नाही. लोक एखाद्याला मानतात, पिढ्यान्‌पिढ्या त्याचं नाव टिकतं, आणि मग त्या त्या देशातली धर्मगुरूंची सभा ते मान्य करते. ते म्हणतात, संत आम्ही करत नाही. देवानं केलेला आम्ही ओळखतो. तसं म्हणायला कॅथलिकही हेच म्हणतात. रशियन परंपरेत हा सोहळा फार सुरेख असतो. आधी त्या व्यक्तीच्या आत्म्याच्या शांतीसाठी शेवटची प्रार्थना होते. त्यानंतर पहिल्यांदा तिच्याकडेच मागणं मागतात. म्हणजे कालपर्यंत तिच्यासाठी हात जोडले, आजपासून तिला जोडले.

केरळच्या या चर्चनं १९४७ मध्ये परुमलाच्या मार ग्रेगोरियोस यांना असं संत जाहीर केलं. ते १९०२ मध्ये वारले होते. दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या समाधीकडे लोक पायी चालत जातात. वारीची आठवण यावी असंच ते चित्र.

रशियात सेंट पीटर्सबर्ग शहरात झेनिया नावाची एक विधवा होती, अठराव्या शतकातली. नवरा गेल्यावर तिनं घरदार वाटून टाकलं आणि त्याचेच कपडे घालून ती रस्त्यावर राहिली. लोक वेडी म्हणायचे. पण तिच्या मरणानंतर तिच्या थडग्यावर माणसांची रीघ लागली. सोव्हिएत सरकारनं धर्मावर निर्बंध आणले, तरी ती माणसं जातच राहिली. १९८८ मध्ये रशियन चर्चनं तिला संत म्हटलं. तोवर शहरातल्या लोकांनी कधीच म्हटलं होतं.

आणि पॅरिसच्या मदर मारिया स्कोब्त्सोवा. दोनदा लग्न, दोनदा काडीमोड, तीन मुलं, वर सिगारेट ओढायची सवय. जोगीण झाल्यावरही घर सगळ्यांसाठी उघडं. हिटलरच्या काळात ज्यूंना लपवलं, म्हणून पकडल्या गेल्या आणि १९४५ मध्ये छळछावणीत त्यांचा अंत झाला. २००४ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चनं त्यांना संत जाहीर केलं. आमच्यातली एकजण घटस्फोटित आहे. लग्नकार्यात तिला ओटी भरायला कुणी पुढे बोलवत नाही. ती हे ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हिचं नाव पुन्हा सांगा, लिहून घेते."

आता आपल्याकडे वळू. आपल्या वारकऱ्यांकडे ऑफिस नाही, फाईल नाही. दळण दळणाऱ्या जनाबाईला कुणी पत्र दिलं नाही. चोखोबांना देवळात घेतलं नाही, पण त्यांची समाधी आज पंढरपुरात महाद्वारासमोर आहे. सोयराबाईंचे अभंग गायले जातात. आपल्याकडे काळ हाच सैतानाचा वकील. सातशे वर्षं तो उलटतपासणी घेत राहिला आणि ही माणसं टिकली. आपल्या विदर्भाचे गाडगेबाबा तर पायावर डोकं ठेवू देत नसत. हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि देवाला नवस करण्यापेक्षा दवाखान्यात जा, पोरांना शाळेत घाला, असं कीर्तनातून सांगायचे. तुकडोजी महाराजांनी गावाच्या स्वच्छतेपासून शेतीपर्यंत सगळं सांगितलं. आज आपल्या नागपूरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं.

पण जो आज, आपल्या गल्लीत, मंडप घालून बसला आहे, त्याच्यासाठी सातशे वर्षं थांबायला आपल्याकडे वेळ नसतो. आणि संत म्हणवणाऱ्यांना न्यायालयानं जन्मठेप दिलेलीही आपण पाहिली आहे. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो उगाच झालेला नाही. त्यासाठी डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनी जीव गमावला.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. श्रद्धा ठेवा, आम्ही कोण अडवणार? आमच्यातल्या निम्म्याजणी दर मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जातात. पण कुणाला संत म्हणण्याआधी चार गोष्टी विचारा, ज्या ती माणसं शेकडो वर्षं विचारत आली. हा संत आहे असं कोण सांगतंय, आणि सांगणाऱ्याला त्यातून काय मिळतंय? ज्याला तो पटत नाही, अशा एका तरी माणसाला आपण विचारलंय का? त्याच्यामुळे कुणाचं काय भलं झालं, ते नावानिशी सांगता येतं का? आणि दुखण्याची गोष्ट असेल, तर डॉक्टर काय म्हणाले?

हे प्रश्न विचारल्यानं संताचा अपमान होत नाही. खरा असेल तो प्रश्नांना पुरून उरतो. प्रश्न विचारले म्हणून ज्याला राग येतो, त्याच्या मंडपातून चप्पल घालून घरी यावं.

आणखी एक. आपल्या सदर भागात एक जुनं प्रॉटेस्टंट कॅथेड्रल आहे, त्याचं नाव ऑल सेंट्स, म्हणजे सर्व संत. कॅथलिक आणि बरेच प्रॉटेस्टंट लोक १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस पाळतात. ज्यांची कधी फाईल झाली नाही, ज्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत, अशांचाही तो दिवस. हे कळल्यावर आम्ही त्या दिवशी आपापल्या ओळखीतली एकेक बाई आठवायचं ठरवलं. कुणी आपल्या आजीचं नाव घेतलं, कुणी मेडिकलच्या वॉर्डातल्या आयाबाईचं, जिनं अनोळखी बाळंतिणीसाठी रात्र जागून काढली होती. आम्ही त्यांना संत म्हटलं नाही. नाव घेतलं, तेवढंच.

आणि जाऊबाई? त्या अजूनही दर गुरुवारी महाराजांकडे जातात. आम्ही अडवत नाही. पण आता पिशवीत गोळ्यांची डबी असते. मागच्या गुरुवारी त्यांनी म्हणे महाराजांना विचारलं, "तुमचा हात आणि माझी गोळी, दोन्ही चालेल ना?" महाराज म्हणाले, चालेल. बाकी आम्ही पुढे पाहू. या महिन्याची साखर तपासून झाली, बरी आली आहे.

आज इतकंच. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.